छप्पन्नपैकी

८ जानेवारी

फिजिओबाईंनी आज एक वही दिली. तारीख, वेळ, काय करताना पडल्या, कुणी उठवलं, असे चार रकाने. हिच्या पडण्याची नोंद त्यात करायची. रकान्यांत मावणार नाही असं बरंच असतं, म्हणून मी ही दुसरी वही सुरू केली आहे. ही कुणाला दाखवायची नाही.

हिला पार्किन्सन आहे हे कळून दोन वर्षं झाली. हात कापायला लागल्यावर हिने शिवणकाम बंद केलं, मशीनवर चादर घातली, तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. गेल्या महिन्यात दोनदा पडली. डॉक्टर म्हणाले की तोल जातोय, तपासून घ्या.

तपासणी मला पसंत पडली. चौदा कामं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. हात न टेकता खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची चप्पल उचलणं, स्वतःभोवती फिरणं, एका पायावर उभं राहणं. छप्पन्नपैकी हिला चौतीस मिळाले. मी एकतीस वर्षं वाहन परवान्याच्या कार्यालयात परीक्षक होतो. दयेपोटी एकालाही पास केलं नाही. लोक मागे मला ‘नापास साहेब’ म्हणायचे, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नसे. चौतीस म्हणजे आमच्याकडे नापासच.

शेवटी बाई हिच्या मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आता मी खांद्यांना धरून मागे ओढणार आहे. तोल सावरायला लागतील तेवढी पावलं टाका. मी मागेच आहे.” त्यांनी ओढलं. ही तुरुतुरु पाच पावलं मागे गेली आणि त्यांच्या अंगावर कोसळली. बाईंनी दोन्ही हातांनी धरली.

ही हसायला लागली. “बाई, इतकं घट्ट मला कित्येक वर्षांत कुणी धरलं नव्हतं.”

बाईही हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

१० जानेवारी

बैठकीतलं टेबल भिंतीला लावलं. खुर्चीपासून तीन मीटर टेपने मोजून जमिनीवर खडूने रेघ मारली. वेळ रोज सकाळी अकराची.

ही म्हणाली, “अहो, बाईंनी व्यायाम सांगितलाय. परीक्षा नाही सांगितली.”

“परीक्षेशिवाय सुधारणा कळणार कशी?”

चौदाही कामं करून घेतली. सत्तावीस.

“बाईंनी चौतीस दिले होते,” ती म्हणाली.

“बाई दयाळू आहेत.”

“हो,” ती म्हणाली. “आहेत.”

१७ जानेवारी

स्वयंपाकघराच्या दारात हिचे पाय चिकटतात. चालता चालता एकदम थांबते, जणू कुणी खिळे ठोकलेत. बाई म्हणतात, हा आजाराचाच भाग आहे. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडायच्या, सोबत मोठ्याने आकडे म्हणायचे. दवाखान्यात ही पट्ट्यांवरून डबकी ओलांडावीत तशी छान गेली. बाई टाळ्या वाजवत होत्या.

घरी पट्ट्या चिकटवल्या. नीट दिसावं म्हणून मी दारातच उभा राहिलो. दुसऱ्या पट्टीवर अडली.

“उचल पाय.”

“उचलतेय.”

“उचलत नाहीयेस. मला दिसतंय.”

“तुम्ही जरा सरका ना तिथून.”

मी सरकलो नाही. बाहेरचं जग हिच्यासाठी वाट मोकळी करून देणार आहे का? चार मिनिटं उभी होती. मग भिंत धरून हळूहळू खाली बसली आणि तिथेच बसून राहिली. हे पडणं म्हणायचं का? त्याला रकाना नाही. बाईंच्या वहीत काही लिहिलं नाही.

२५ जानेवारी

बाईंनी रुंद पट्टा दिला आहे, दोन्ही बाजूंना मुठी असलेला. हिच्या कमरेला बांधायचा आणि चालताना मागून मी धरायचा. घरी आल्यावर खिळ्याला अडकवून ठेवला. परीक्षक कधी उमेदवाराचं स्टिअरिंग धरतो का?

हिने दोनदा पट्ट्याकडे पाहिलं. मागितला मात्र नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी न्हाणीघरातून धप्प आवाज आला. मी दारापाशी गेलो. कडी लावायची नाही असं बाईंनी बजावलेलं आहे, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं होतं.

“अहो,” ही म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. जमिनीवरून कसं उठायचं हे बाईंनी मंगळवारीच शिकवलं होतं. कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, आधार धरायचा. मी बाहेर आहे हे माहीत नसताना तिला ते जमतं का, ते मला पाहायचं होतं.

“अहो, ऐकताय का?”

मी उत्तर दिलं नाही. आत पाण्याची बादली कलंडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता श्वास. एक मिनिट चाळीस सेकंदांनी गुडघ्यांवर आली असावी. तीन मिनिटं दहा सेकंदांनी दार उघडलं. उभी होती! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या घड्याळाकडे.

“इथेच होतात?”

“हो. तीन मिनिटं दहा सेकंद. छान केलंस.”

ओला हात भिंतीला लावत माझ्या बाजूने निघून गेली. दुपारी जेवली नाही.

बाईंच्या वहीत लिहिलं: कुणी उठवलं – स्वतः.

खरं लिहायचं तर पहिल्या हाकेला माझा पाय पुढे झाला होता. मीच तो थांबवला. थांबवायला नको होता का? पण मग तिला जमतं हे कळलं असतं कसं?

१२ फेब्रुवारी

लेक दोन दिवस राहायला आली आहे. ती दुसऱ्या गावी ग्रंथालयात कामाला आहे, बसने चार तास लागतात. सकाळी दोघी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. लेक आकडे म्हणत होती, ही पावलं टाकत होती. इकडून तिकडे, वळून परत. मध्येच ही काहीतरी बोलली आणि दोघी खो खो हसल्या. एकदाही अडली नाही.

मी वर गेलो. मला बघताच हिने दोरी धरली आणि जागच्या जागी उभी राहिली. चिमटे खाली पडले.

“बाबा,” लेक म्हणाली, “तुम्ही आलात की आईला होतं काय?”

“माझ्यासमोर आळस करते. तुझ्यासमोर बघ कशी टणाटण चालते.”

लेक चिमटे गोळा करत राहिली.

म्हणजे हिला चालता येतं. माझ्यापुढे चालायचं नसतं. नाटक हा शब्द मी वापरणार नव्हतो. पण दुसरा सापडत नाही.

२० फेब्रुवारी

एक गोष्ट लक्षात आली. गोळी घेतल्यावर तासाभरात हिची हालचाल सुटी होते. म्हणजे अकरा वाजता मी जो तोल मोजतो, तो गोळीचा तोल आहे, हिचा नव्हे. खरा आकडा कधी कळलेलाच नाही.

आज दहाची गोळी थांबवली.

“गोळी?” हिने साडेदहाला विचारलं.

“देतो.”

पावणेअकराला पुन्हा विचारलं. अकराला विचारलं नाही. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. खुर्चीतून उठायचे पाच प्रयत्न फसले. चौदापैकी सहा कामं सुरूच करता आली नाहीत. अकरा गुण.

चेहऱ्यावर काही नव्हतं, या आजारात चेहरा थिजतो. डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं. डोळे आपोआप पाणावतात असं दवाखान्याच्या माहितीपत्रकात दिलेलं आहे.

साडेबाराला गोळी दिली. पेला दातांवर वाजत होता, म्हणून मी धरला. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं. पाणी संपल्यावरही तिला बोटं सोडवेनात. मला एक एक करून सोडवावी लागली. लग्नानंतर नवं मशीन घेतलं तेव्हा तिची बोटं कशी चालायची, ते उगाच आठवलं.

आता खरा आकडा कळला. इथून वर नेता येईल. मला एवढंच हवं आहे.

२७ फेब्रुवारी

आज दवाखान्यात जायच्या आधीही गोळी दिली नाही. बाईंनाही खरी परिस्थिती कळावी हा हेतू. बावीस गुण आले. बाईंचा चेहरा पडला.

“दीड महिन्यात इतकी घसरण? गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?”

हिने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो.

“आजी, तुम्ही सांगा. वेळेवर घेता ना?”

“हे देतात,” ही म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाहेर पुढचा पेशंट बसला होता, प्रत्येकाला वीसच मिनिटं मिळतात. “मी डॉक्टरांना फोन करते. डोस वाढवावा लागेल बहुतेक.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण एकदा ‘हो’ म्हटल्यावर त्यांच्यासमोर ते मागे घेणं मला जमलं नाही.

४ मार्च

वाढवलेला डोस वेळेवर देतो आहे. आता नवीनच सुरू झालं आहे. ही बसल्या बसल्या अंग वळवळते, मान फिरते, पाय आपोआप झाडले जातात. खुर्ची सरकत सरकत भिंतीपर्यंत जाते. हिच्या तोंडात घास टिकत नाही. आजार फार झपाट्याने वाढतो आहे. या काळात मी सोबत आहे हे हिचं नशीब.

९ मार्च

दवाखान्याच्या व्हरांड्यात दिवा मंद आहे. तरी लिहितो.

बाई ओढण्याआधी नेहमी सांगतात, त्यामुळे ही अंग सावरून उभी राहते. रस्त्यात कुणी सांगून धक्का देतं का? न सांगता काय होतं, ते एकदा बघायला हवं असं बरेच दिवस मनात होतं.

पावणेअकरा झाले होते. ही खिडकीजवळ उभी राहून जुन्या डब्यातली बटणं निवडत होती. पांढरी एकीकडे, रंगीत एकीकडे. अंगाची वळवळ आज कमी होती. गुणगुणत होती. मी चपला काढल्या, मागून गेलो आणि दोन्ही खांद्यांना धरून ओढलं.

एकही पाऊल टाकलं नाही. फळी पडावी तशी आली. मी मागेच होतो. पण मी बघायला उभा होतो, धरायला नव्हतो. त्यामुळे बाजूला झालो.

कंबर जमिनीवर आपटल्याचा आवाज वेगळाच होता. मग ती जी ओरडली, तसं मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही. बटणं खोलीभर झाली.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत बाईंची वही भरली. वेळ: १०.५०. काय करताना पडल्या: बटणं निवडताना. यात खोटं काहीच नाही.

१० मार्च

खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवणार.

डॉक्टरांनी विचारलं, “कशा पडल्या?” मी तोंड उघडलं. त्याआधी ही म्हणाली, “माझाच पाय अडखळला.”

छताकडे बघत होती.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांच्या संसाराला काही अर्थ आहे म्हणायचा. माणूस अशा वेळीच ओळखू येतो.

परत आत जाऊन तिच्या हातावर हात ठेवला. तिने हात काढून पांघरुणात घेतला. वेदना खूप असणार.

२८ मार्च

फिजिओबाई वॉर्डात आल्या. मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.” नेहमी वीस मिनिटं, आज पस्तीस. दाराच्या काचेतून मी पाहिलं. व्यायाम चाललेला नव्हता. बाई हिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडून पडण्याची वही मागून घेतली. उभ्या उभ्याच पानं उलटली.

“शेवटची नोंद सोडली, तर ‘कुणी उठवलं’ तिथे सगळीकडे ‘स्वतः’ लिहिलंय.”

“हो. स्वतःच उठायची,” मी जरा अभिमानाने म्हणालो.

“आणि वेळा बघा. अकरा, अकरा वीस, दहा पन्नास. या वेळी घरात कोण असतं?”

“मी असतो. मी कायमच असतो.”

त्यांनी वही मिटली. परत दिली नाही. “पहिल्यांदा गुण घसरले तेव्हाच मी यांना एकटीला विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. ते मला उद्देशून होतं असं वाटलं नाही. मग म्हणाल्या, “घर त्यांच्यासाठी सुरक्षित नाही असं मी अहवालात लिहितेय. तुमच्या मुलीशी बोलणं झालंय.”

“मी न्हाणीघरात कठडे बसवून घेतो. रबरी चटई आणतो. उंबरा काढून टाकतो.”

“आजोबा, प्रश्न कठड्यांचा नाहीये.”

“मग कशाचा आहे?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी आयुष्यभर लोकांकडे असं बघत आलो, निकाल सांगायच्या आधी. वही पिशवीत टाकून निघून गेल्या. मला हे वागणं उर्मट वाटलं. वरिष्ठांकडे तक्रार करावी का, विचार करतो आहे.

६ एप्रिल

हिला लेक घेऊन गेली. हिचे कपडे भरायला घरी आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही. खिळ्यावरचा पट्टा काढला, हातात धरून पाहिला. मुठींवरचं प्लास्टिक तसंच होतं, फोडलेलंही नव्हतं. तिने ते माझ्यासमोर धरलं.

“याची गरज पडली नाही,” मी म्हणालो.

ती रडायला लागली. तिला समजावायला पुढे गेलो तर दोन पावलं मागे सरकली.

१५ एप्रिल

अकरा वाजतात तेव्हा घरात काही सुचत नाही. आज मीच खुर्चीत बसलो. उठलो, रेघेपर्यंत गेलो, वळलो, परत बसलो. नऊ सेकंद. मग चौदाही कामं केली. एका पायावर उभं राहताना दोनदा भिंतीला हात टेकवावा लागला. पण तेवढं चालायचंच. छप्पन्नपैकी छप्पन्न दिले.

लेकीला रोज फोन करतो. “आई झोपली आहे,” म्हणते. सकाळी दहाला, दुपारी चारला, संध्याकाळी सातला. एवढं झोपू देणं चुकीचं आहे.

४ मे

न कळवता लेकीकडे गेलो. दार जावयाने उघडलं. माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं, मग म्हणाला, “बसा. आत त्यांचा तास चाललाय. तो संपेपर्यंत आत जाऊ नका.” पाणी दिलं आणि माझ्या आणि आतल्या दाराच्या मध्ये खुर्ची टाकून बसला. पेपर उघडला, पण पान उलटलं नाही.

कसला तास, मी विचारलं. म्हणाला, आवाजाचा. या आजारात आवाज बारीक होत जातो, माणसाला वाटतं आपण नीट बोलतोय, पण समोरच्याला ऐकूच जात नाही. म्हणून एक बाई आठवड्यातून दोनदा येतात आणि मोठ्याने बोलायची सवय करून घेतात. रोज लागणारी दहा वाक्यं ज्याची त्याने निवडायची आणि ती पोटातून आवाज काढून म्हणायची.

भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आधी लांबलचक ‘आ’. मग वाक्यं.

“खिडकी उघड.”

“अजून मोठ्याने,” बाई म्हणाल्या.

“खिडकी उघड!”

“पुढचं.”

“चहात साखर कमी आहे!”

कुणीतरी हसलं. लेक असावी. अशी सात-आठ वाक्यं झाली. मला आवडलं. शिस्तीत चाललं होतं, प्रत्येक वाक्य तीनदा. मग जरा थांबून ही म्हणाली,

“मी त्या घरी परत जाणार नाही.”

“शेवटचा शब्द खाली पडतोय,” बाई म्हणाल्या. “तो सगळ्यांत महत्त्वाचा. पुन्हा म्हणा.”

“मी त्या घरी परत जाणार नाही.”

“आता समोरच्या इमारतीत ऐकू जाऊ दे.”

“मी त्या घरी परत जाणार नाही!”

जावयाने पेपरातून डोकं वर केलं नाही. मी पाणी प्यायलो.

तास संपल्यावर दार उघडलं. ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, शेजारी चौकटीचा वॉकर. लेक तिच्या खांद्यामागे उभी होती. अंगाची वळवळ थांबली आहे, गोळ्या पुन्हा कमी केल्या म्हणे. केस कापून आखूड केले आहेत. बरी दिसत होती. मला बघून तिने वॉकरवर हात ठेवला, पण उठली नाही.

“आवाज खूप सुधारलाय तुझा,” मी म्हणालो.

“ऐकू आलं तुम्हाला?”

“आलं की. अगदी स्पष्ट.”

“सगळं?”

“सगळं.”

तिने मान डोलावली आणि लेकीला म्हणाली, “जावयांना सांग, आता यांना स्टँडवर सोडून या म्हणावं.” जावई लगेच गाडीची किल्ली घेऊन उठला. आत आल्यावर मला बसायलाही कुणी सांगितलं नाही.

बसमध्ये लिहितो आहे, अक्षर हलतं आहे. नोंद: आवाज मोठा, खणखणीत. शब्द सुटे. शेवटचा शब्दही पडू दिला नाही, आणि तेच सगळ्यांत अवघड असतं म्हणतात. चारपैकी चार द्यायला हरकत नाही.

कुठल्या घरी, ते मात्र विचारायचं राहून गेलं.